वरबापाची गाडी

"अजून किती वेळ लागेल?" दाशनामने विचारलं, आणि गाडी बंद पडली.

इंजिनाने आधी एक उचकी दिली. मग दुसरी दिली. तिसरी अर्ध्यातच गिळून ते गप्प झालं. गाडी स्वतःच्या वजनाने आणखी पन्नासेक पावलं घरंगळली, चाकांखालची खडी करकरली, आणि तांबड्या टेकडीच्या पायथ्याशी ती उभी राहिली. इतका वेळ ऐकू न येणारा वारा एकदम ऐकू यायला लागला.

गोन्चिगने स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. नुसती मान वळवून त्याने शेजारी बसलेल्या मेव्हण्याकडे पाहिलं.

"दादा, काय म्हणालात?"

"मी? कुठे काय? सहज आपलं."

"सहज काय?"

"विचारलं त्याने!" मागच्या बाकावरून त्सेवेल कडाडली. दाशनाम तिचा सख्खा थोरला भाऊ, पण त्या क्षणी तिला ते नातं आठवलं नाही. "मी ह्या कानांनी ऐकलं. दादा, अरे साठी उलटली तुझी! दोन वर्षांच्या पोराला कळतं ते तुला कळू नये?"

माळावर निघाल्यावर कधी पोचणार हे विचारायचं नसतं. रस्ता ऐकत असतो, आणि त्याला असं गृहीत धरलेलं आवडत नाही. हे दाशनामलाही ठाऊक होतं. पण चाळीस वर्षं त्याने राजधानीच्या रेल्वे स्टेशनात नोकरी केली होती, आणि नोकरी कसली, तर कुठली गाडी किती वाजता येणार आणि किती वाजता जाणार हे भोंग्यावरून ओरडून सांगायची. माणूस निवृत्त झाला, जीभ झाली नव्हती.

गोन्चिगने किल्ली फिरवली. इंजिन कुंथलं, पण लागलं नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

"सव्वाअकरा झालेत," दाशनाम म्हणाला.

"घड्याळ काढा ते हातातलं," गोन्चिग म्हणाला.

गाडी दुसऱ्या कुठल्याही दिवशी बंद पडली असती तरी गोन्चिगची हरकत नव्हती. एकोणतीस वर्षांत ती निदान चारशे वेळा बंद पडली होती. राखाडी रंगाची, पावाच्या लादीसारखी चौकोनी रशियन फुरगोन. बंद पडणं हा तिचा स्वभाव होता आणि समजूत काढणं हा गोन्चिगचा. पण आज ते तिघं म्हातारे रेशमी अंगरखे घालून, मानाचं निळं खादग वस्त्र घडी करून, तपकिरीची कुपी पुसून निघाले होते ते गोन्चिगच्या धाकट्या मुलासाठी, मागच्या बाकावर आईशेजारी बसलेल्या चुलूनसाठी, मुलगी मागायला. आणि ही मागणी तिसरी होती.

चुलून छत्तीस वर्षांचा. चुलून म्हणजे दगड. पोरगा दगडासारखा टणक निघावा म्हणून नाव ठेवलं, तो दगडासारखा गप्प निघाला. मुलगी यांजमा, तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात कामाला. तिचा बाप समदन. पहिल्या मागणीला समदन म्हणाला होता, "मुलगा बोलत नाही. माझ्या पोरीने काय भिंतीशी संसार करायचा?" वर्षाने दुसऱ्यांदा गेले तेव्हा म्हणाला, "मुलगा साधा आहे हो, फार साधा. साध्या माणसाच्या शेळ्यासुद्धा दुसऱ्याच्या कळपात जातात."

तिसऱ्यांदा निळं वस्त्र घेऊन दारात उभ्या राहिलेल्या माणसाला नाही म्हणणं कुणालाच बरं दिसत नाही. म्हणून गोन्चिग मुद्दाम लामाकडे गेला, मुहूर्त काढून आणला. आजचा दिवस, घोड्याचा प्रहर, म्हणजे दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांपर्यंत. त्यानंतर पुढचा चांगला दिवस अकरा महिन्यांनी. आणि प्रहर चुकवून गेलेल्या पाहुण्याला समदन काय म्हणेल हे सांगायला लामा लागत नव्हता. चौथ्यांदा मागणी घातल्याचं त्या मुलखात कुणी ऐकलेलं नव्हतं.

गोन्चिग खाली उतरला. त्याने रेशमी अंगरखा काढून घडी केला, बायकोच्या हातात दिला आणि बाह्या सरसावल्या.

या गाडीचं इंजिन आतच असतं, पुढच्या दोन माणसांच्या मधोमध, एका गादी घातलेल्या झाकणाखाली. हिवाळ्यात त्यावर जेवण गरम करता येतं. उन्हाळ्यात त्यावर गुडघा ठेवून बसलेल्या माणसाचा गुडघा शिजतो. गोन्चिगने झाकण उघडलं तशी आतून वाफ आली.

"तहान लागलीय तिला," तो म्हणाला, आणि बरोबर आणलेलं सगळं पाणी त्याने रेडिएटरमध्ये ओतलं. गाडी लागली नाही.

मग त्याने टाकीत काठी घातली. काठी वीतभर ओली निघाली. पेट्रोल होतं. मग एक प्लग काढला, वायर लावून लोखंडाला टेकवला आणि चुलूनला किल्ली फिरवायला सांगितली. निळी लखलखीत ठिणगी पडली.

"ठिणगी आहे," गोन्चिग म्हणाला. "पेट्रोल आहे. मग रडतेस कशाला, बाई?"

त्याने पेट्रोलची नळी सोडवली आणि पंपाची दांडी हाताने खालीवर केली. नळीतून थेंबभर पेट्रोल आलं आणि पुढे नुसता सुस्कारा आला.

"पंप तापलाय. ओलं फडकं गुंडाळलं की येईल ताळ्यावर. पाणी दे गं."

"पाणी तुम्ही तिला पाजलंत," त्सेवेल म्हणाली.

"सगळं?"

"मी म्हणत होते, घोटभर ठेवा."

पाणी नव्हतं. दूध होतं. निघताना चाकांवर शिंपडून वाटेला नमस्कार करण्यासाठी त्सेवेलने बरणी भरून घेतलं होतं, त्यातलं बरंच उरलं होतं. तिने ते छातीशी धरलं. "हे देवाचं आहे."

"मग देवाच्याच कामाला लाव ना. देवाला काय पोराचं लग्न नकोय?"

फडकं दुधात भिजवून पंपाला गुंडाळलं. चर्र आवाज झाला, करपलेल्या दुधाचा वास गाडीभर पसरला, आणि पंप होता तसाच राहिला.

"बारा," दाशनाम खिशातल्या खिशात घड्याळ बघून पुटपुटला.

चुलून मागच्या शिडीवरून टपावर चढून बसला होता आणि दातांत गवताची काडी धरून दूर बघत होता. गोन्चिगने वर पाहिलं. ज्याच्यासाठी हा सगळा आटापिटा, तो बसलाय काडी चावत! समदन म्हणतो ते खोटं कसं म्हणायचं?

"काय बघतोस रे वर?"

"धूळ," चुलून म्हणाला.

धूळ मागून येत होती. वीस मिनिटांनी ती जवळ आली आणि तिच्यातून लोकरीचा ट्रक बाहेर पडला. माळावर बंद गाडी दिसली की थांबायचं असतं, त्यात विचार करायला काही नसतं. ट्रकमधून एक ढेरपोट्या माणूस उतरला. नाव बदार्च. त्याने गाडीकडे पाहिलं, चार माणसांकडे पाहिलं, आणि पहिला प्रश्न केला:

"कोणी विचारलं?"

तिघांनी दाशनामकडे बोट केलं. तिसरं बोट टपावरून आलं.

"छ्या, छ्या, काका," बदार्च दाशनामला म्हणाला, "शिकलेली माणसं तुम्ही." आणि कुणी काही बोलायच्या आत तो कमरेपर्यंत इंजिनात शिरला.

बदार्च मनापासून काम करणारा होता, हीच त्यातली वाईट गोष्ट. त्सेवेलने नजराण्याच्या पुड्यांवर घातलेलं पांढरं कापड त्याने ओढून घेतलं, जमिनीवर पसरलं आणि त्यावर एकेक भाग काढून मांडायला सुरुवात केली. कार्बोरेटर. पंप. डिस्ट्रिब्युटरचं काळं टोपण. ज्या गाडीचं फक्त एक काहीतरी बिघडलं होतं तिचं पंधरा मिनिटांत काहीच जागेवर राहिलं नाही.

"ठिणगी होती रे," गोन्चिग कळवळून म्हणाला. "तिकडचं कशाला उघडतोस?"

"काका, सवय आहे. एकदा हात घातला की मी सगळं बघतो." मग त्याने पेट्रोलची नळी तोंडात धरली आणि गाल फुगवून जोरात फुंकली. "नळी मोकळी. वारा सरळ जातोय."

"कुठे जातोय?"

"टाकीत जातोय. आणखी कुठे जाणार?"

हे पटण्यासारखं होतं. गोन्चिगला पटलं.

मदत करणाऱ्याला उपाशी ठेवता येत नाही. त्सेवेलने खारा दूधचहा दिला आणि त्याच्याबरोबर, दुसरं काही नसल्यामुळे, नजराण्याच्या चळतीतली काही लांबट बिस्किटं त्याच्या हातावर ठेवली. चळतीला पाच थर होते. थर नेहमी विषम असतात: पहिला सुखाचा, दुसरा दुःखाचा, तिसरा सुखाचा, असं करत शेवट सुखावर यायला हवा. बदार्चने बोलता बोलता अख्खा एक थर संपवला.

"अगं बाई!" त्सेवेल दचकली. "चार राहिले!"

"छान होती, काकू."

"छान काय? चार म्हणजे दुःखावर शेवट! अशी चळत घेऊन मुलीच्या दारात जायचं? आणखी एक थर संपवा. सगळ्यांनी. आत्ता."

मग चौघं गाडीभोवती उभे राहून सुकी बिस्किटं चावू लागले. पाणी रेडिएटरमध्ये होतं, दूध पंपावर होतं, चहा बदार्चच्या पोटात होता. दाशनामला ठसका लागला. ठसक्यातही त्याने बोटांनी खूण करून पाऊण वाजल्याचं सांगितलं.

"ट्रक बांधून ओढतोस का?" गोन्चिगने शेवटचा उपाय काढला.

"मी ओढीन, काका. माझं काय जातंय? पण दोरीने बांधून आणलेल्या वरबापाच्या घरी मुलगी कोण देईल?"

बदार्चने पंप आणि कार्बोरेटर परत बसवले, हात मातीने घासले, "उरलेलं तेवढं बसवा, मला फाटा गाठायचाय," म्हणाला आणि दक्षिणेच्या वाटेने निघून गेला. त्याची धूळ बराच वेळ दिसत राहिली.

गोन्चिग गाडीखाली जाऊन उताणा पडला. तिथे त्याला करायचं काही नव्हतं. पण तिथून कुणाचं तोंड दिसत नव्हतं. त्याला वाटलं, आपण एकोणतीस वर्षं हिची सेवा केली. पोटच्या पोराला कधी नवीन बूट आणले नाहीत, पण हिला नवीन टायर आणले. आणि हिने बरोबर आज दावा साधला. आता चुलून पन्नाशीचा होईल, मग साठीचा होईल, टपावर बसून काडी चावेल. आपण मेल्यावर त्याला चहा कोण देणार? त्याच्या डोळ्यांत इंजिनाचं तेल पडलं, त्यामुळे पाणी आलं ते कशाचं हे सांगता येत नव्हतं.

"बाबा," टपावरून आवाज आला. "धूळ."

"मागून?"

"समोरून."

गोन्चिग बाहेर सरपटला. समोर, म्हणजे समदनच्या घराकडून, एक बारीकशी धूळ येत होती. ती सरळ येत होती. मग ती थांबली. मग थोडी डावीकडे वळली, पुन्हा थांबली. त्या धुळीला काहीतरी प्रश्न पडला होता. पण सपाट माळावर तुम्ही ज्याला पाहिलं त्याने तुम्हाला पाहिलेलं असतंच, आणि बंद गाडी टाळून गेलेल्या माणसाला त्याच्या सात पिढ्यांत कुणी चहा विचारत नाही. धूळ जड मनाने पुन्हा सरळ झाली.

साइडकारची जुनी मोटरसायकल वीस पावलांवर येऊन थांबली. वरून समदन उतरला.

गोन्चिगने तेलकट हात पाठीमागे नेले.

"बंद पडली वाटतं?" समदन शेवटी म्हणाला.

"थोडीशी," गोन्चिग म्हणाला. "आपण कुठे निघालात?"

"मी? उंट. उंट हरवलाय. तो शोधायला." साइडकारमध्ये एक घोंगडी, जेवणाचा डबा आणि उशी होती. त्याने अंगाने उशी झाकली. "तुम्ही?"

"मीठ आणायला."

"रेशमी अंगरखे घालून?"

"मीठ चांगलं असतं म्हणतात तिकडचं."

त्सेवेलने खादग पाठीमागे लपवलं. गोन्चिगच्या आता सगळं लक्षात आलं. हा माणूस मुहूर्ताला घरी थांबणारच नव्हता. गाडी वाऱ्यासारखी धावली असती, वेळेआधी पोचली असती, तरी समोर रिकामा गेर, त्या तंबूघराच्या दाराला कुलूप. म्हणजे इतका वेळ आपण जे बुडालं म्हणून रडत होतो ते आधीच बुडालेलं होतं.

"बरं मग," समदन म्हणाला, "उंट काय वाट बघणार नाही…" आणि त्याची नजर पांढऱ्या कापडावर गेली.

समदनने सामुदायिक संस्थेच्या गॅरेजात सव्वीस वर्षं काढली होती. कापडावरच्या त्या काळ्या टोपणाकडे त्याने पाहिलं, उघड्या इंजिनाकडे पाहिलं, आणि भुकेल्या माणसाने दुसऱ्याच्या ताटाकडे पाहावं तसा तो दोन पावलं पुढे आला.

"ठिणगी आहे?"

"निळी."

"पेट्रोल?"

"टाकीत आहे. वर येत नाही."

"पंप कोणी बसवला हा? गाढवाने?"

"वाटेवरचा होता एक."

"सरका," समदन म्हणाला.

त्याने अंगरख्याच्या बाह्या उपसून कमरेला बांधल्या. पंप काढला, चाटून पाहिला, थुंकला. "ह्याला दुधाची चव का येतेय?" त्सेवेलने रिकामी बरणी पायाने गाडीखाली ढकलली. त्याने नळी तोंडात धरली, फुंकली, आणि कान देऊन ऐकलं. पुन्हा फुंकली.

"टाकीत पेट्रोल आहे म्हणता?"

"वीतभर."

"मग बुडबुडे कुठे आहेत?"

गोन्चिगने टाकीत घातलेली काठी पुन्हा उचलून पाहिली.

समदन ड्रायव्हरच्या बसण्यामागे वाकला आणि तळाशी हात घालून चाचपू लागला. "हिला दोन टाक्या असतात. मधे कोंबडी असते, टाकी बदलायची तोटी. ही बघा, डावीकडे फिरलीय."

"डावी टाकी नाहीच हो! सात वर्षं झाली फुटून. आणि ती कोंबडी गंजून बसलीय, ती राक्षसालाही फिरायची नाही. म्हणून तर मी तिकडे बघितलं—"

समदनने ती दोन बोटांनी फिरवली. लोण्यात फिरावी तशी ती फिरली.

मग तो तसाच वाकलेला राहिला. त्याने बोटं नाकाशी नेली. हुंगली. पुन्हा हुंगली. बोटांना पिवळसर काहीतरी लागलं होतं.

"ग्रीस आहे?" गोन्चिगने विचारलं.

"नाही," समदन सावकाश म्हणाला. "मलम आहे. गाईच्या सडांना भेगा पडल्या की लावतात ते. आख्ख्या तालुक्यात एकाच ठिकाणी मिळतं." तो सरळ झाला. "तिथल्या कपाटाची किल्ली माझ्या घरात खुंटीला असते."

वारा वाहत होता. कुणी कुणाकडे बघत नव्हतं, कारण सगळे चुलूनकडे बघत होते. तो टपावरून उतरून शिडीपाशी उभा होता. तोंडात काडी नव्हती.

"का रे," समदन म्हणाला, "मी आज दुपारी या वाटेने पळणार हे तुला कोणी सांगितलं?"

चुलूनने शिडीवरचा हात काढला. मग म्हणाला, "ज्यांनी मलम दिलं, त्यांनीच."

त्याच्या तोंडून एका दमात एवढे शब्द आईबापांनी गेल्या कित्येक वर्षांत ऐकले नव्हते.

"आणि कोंबडी कधी फिरवलीस?"

"अर्धा कोस अलीकडे. नळीत उरलेलं संपायला तेवढं लागतं."

"हे कुणी सांगितलं?"

"मोजलं होतं. चार वेळा."

"चुलून!" गोन्चिगचा आवाज फाटला. "अरे, मी गाडीखाली पडून रडत होतो! तुझ्या आईने देवाचं दूध घातलं! तुझा मामा दोन तास शिव्या खातोय! एक शब्द बोलला असतास!"

"बोललो असतो तर तुमच्या तोंडावर दिसलं असतं, बाबा," चुलून म्हणाला. "तुम्ही साधे आहात."

समदनच्या गळ्यातून एक आवाज आला. आधी तो खोकला वाटला. मग तो माणूस गाडीच्या दारातच बसला आणि गुडघ्यांवर हात मारून हसायला लागला. हसताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्याने मलमाच्या हाताने पुसलं.

"साधा म्हणालो होतो मी याला," तो म्हणाला. "साधा! सव्वीस वर्षं गॅरेज सांभाळलं, मला कुणी गाडी बंद पाडून पकडलं नाही. आणि घरातली मांजर आपलीच, उंदराला वाट दाखवणारी!" मग त्याने डोळे बारीक केले. "किती वाजले?"

सगळ्यांनी दाशनामकडे पाहिलं. मग गोन्चिग म्हणाला, "सांगा, दादा. आता सांगा."

दाशनामने घड्याळ काढलं. चाळीस वर्षांच्या नोकरीत इतक्या हळू आवाजात त्याने कधी वेळ सांगितली नव्हती. "एक वाजून एकतीस."

"घोड्याचाच प्रहर आहे अजून," समदन म्हणाला. "तुम्हाला काही विचारायचं होतं का मला? मीठ वगैरे?"

त्सेवेल रडत रडत खादग उलगडायला लागली. गोन्चिगने तपकिरीची कुपी काढली, ती त्याच्या तेलकट बोटांतून दोनदा निसटली. दोघं समोरासमोर गुडघ्यांवर बसले. दोघांचे हात कोपरापर्यंत काळे. निळं वस्त्र दोघांनी तळव्यांनी न धरता मनगटांवर झेललं. समदनने कुपी घेतली, तपकीर हुंगली, शिंकला, आणि आपली कुपी पुढे केली.

"घ्या, व्याही," तो म्हणाला.

गोन्चिगला हा शब्द ऐकायला तीन वर्षं लागली होती. त्याने कुपी दोन्ही हातांनी घेतली. पण मागणीचं बोलणं व्हायलाच हवं असतं, आणि त्यासाठीच तर दाशनामला राजधानीतून आणलं होतं. तो उभा राहिला, घसा साफ केला आणि भोंग्यासमोरच्या त्या जुन्या आवाजात सुरू झाला, "उंच आभाळाखाली, रुंद माळावर, शुभ दिवशी, शुभ वेळी…"

"झालं, झालं," समदनने हात केला. "दिली मुलगी. बसा खाली आता."

दोन तास अपराध्यासारखा उभा असलेला दाशनाम सुटकेचा श्वास टाकून, अंगरखा सावरून, चांगला ऐसपैस बसला. पांढऱ्या कापडावर.

कट्कन आवाज झाला.

तो उठला तेव्हा डिस्ट्रिब्युटरच्या काळ्या टोपणाचे तीन तुकडे झाले होते. चौथा त्याच्या अंगरख्याला चिकटला होता.

गोन्चिगने तुकड्यांकडे पाहिलं. मग समदनकडे पाहिलं. समदनने तुकडे हातात घेऊन जुळवून पाहिले, आणि डॉक्टर नातेवाइकांसमोर हलवतो तशी मान हलवली. "जिल्ह्याच्या गावाला मिळेल. दीडशे किलोमीटर. उद्या कुणी त्या बाजूला जाणारा भेटला, तर परवा."

"आणि आज?"

"आज मुलगी चहा ठेवून बसलीय. खात्रीने. आता मला कळलं ती सकाळपासून का गुणगुणत होती." समदनने साइडकारमधली उशी काढून गोन्चिगच्या हातात दिली. "ही ठेवा. मला आता लागणार नाही."

मोटरसायकलवर पुढे समदन बसला. मागे त्सेवेल. मुलाची आई गेलीच पाहिजे. साइडकारमध्ये दाशनाम, बोलणारा गेलाच पाहिजे. त्याच्या मांडीवर तीन थरांची चळत. साइडकारच्या मागे जादा चाक असतं, त्यावर चुलून, तो तर गेलाच पाहिजे. गोन्चिग त्या वाहनाभोवती दोनदा फिरला. टाचणी टेकवायला जागा नव्हती. आणि उघडी गाडी माळावर टाकून जाणारा तो माणूसही नव्हता.

"अहो, अंगरखा घाला," त्सेवेल जाता जाता ओरडली. "वारा सुटलाय. शोभेल तसे राहा!"

"सहा वाजेपर्यंत कुणाला तरी पाठवतो!" दाशनाम ओरडला, आणि सगळ्यांनी मिळून त्याच्या तोंडावर हात ठेवला.

धूळ लहान होत गेली. गोन्चिगने रेशमी अंगरखा घातला, बटणं लावली, पट्टा बांधला. पायरीवर उशी ठेवली आणि तिच्यावर बसला. आत्ता तिकडे चुलीवर मांस चढलं असेल. दाशनामचं भाषण चाललं असेल. समदन सगळ्यांना कोंबडीची गोष्ट सांगत असेल आणि त्यात "साधा" हा शब्द आता तिसऱ्याच माणसाबद्दल येत असेल. गोन्चिगला भूक लागली होती. त्याने गाडीत शोधलं, तर करपलेल्या दुधाचं फडकं सापडलं.

बऱ्याच वेळाने एक जीप आली. थांबली. आतून नवराबायको आणि तीन पोरं बाहेर डोकावली. माळाच्या मधोमध, उघड्या इंजिनासमोर, रेशमी अंगरखा घातलेला एक म्हातारा उशीवर बसला होता. कोपरापर्यंत काळा, डोळे लाल.

"काय बिघडलंय, काका?" जीपवाल्याने विचारलं.

"काही बिघडलं नाही," गोन्चिग म्हणाला. "मुलाचं लग्न जमलं."

जीपवाल्याने त्याच्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं.

"आणि ही?"

गोन्चिगने वळून त्या राखाडी पत्र्यावर एकदा हात फिरवला.

"ही त्यात कामी आली," तो म्हणाला.